धाकटी चांदी

१

शहापुरातल्या त्या बोळात सकाळी आठला माग सुरू व्हायचे आणि साडेआठला परशरामची भट्टी. मागांचा खडखडाट इतका अंगवळणी पडलेला, की वीज जाऊन तो थांबला तर माणसं दारात येऊन उभी राहायची, काय झालं म्हणून. परशरामचा आजोबा विट्याकडून गलाईच्या धंद्यासाठी इकडे आलेला. तेव्हापासून या घराचं काम एकच. सोन्याची मोड वितळवायची, त्यातला मळ काढायचा आणि शुद्ध कांडी गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायची. सोबतीला यल्लाप्पा. बावीस वर्षं भट्टीशी बसलेला, आणि स्वभावानं इतका गरीब की बोळातलं कुत्रं त्याच्या ताटातलं खाऊन जायचं नि हा नुसता हसायचा.

गलाईवाल्यांचा एक रिवाज असतो. भट्टीत गेलेली वस्तू गिऱ्हाइकाला होती तशी परत द्यायची नाही. दिली तर बाजारात नाक कापलं गेलं म्हणून समजा. परशरामला तर या रिवाजाचा भारीच ताठा. आणि दुसरी त्याची स्वतःची एक खोड. काम अर्धवट राहिलं की गिऱ्हाइकाची अंगठी करंगळीत घालून हिंडायची. बोटात असली की दुसऱ्याच्या मालात मिसळत नाही, हरवत नाही. एवढंच कारण, बाकी काही नाही.

चैत्रातल्या एका बुधवारी निपाणीचे चंद्रप्पा आले. तंबाखूचे व्यापारी, पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. त्यांनी रुमालातून एक पांढरी अंगठी काढून पाटावर ठेवली.

"थोरल्या लेकाची हाय. रक्षाविसर्जनाला राख सावडताना घावली. सगळं जळून गेलं, ही तशीच."

"लई वाईट झालं, आण्णा. कशानं गेला?"

"भावानं मारलं," चंद्रप्पा म्हणाले. जेवलो म्हणावं तसं म्हणाले. "धाकटा हिंडलग्याच्या जेलात हाय."

यल्लाप्पाच्या हातातला चिमटा खाली पडला. 

"हिचं पाणी करा," चंद्रप्पा म्हणाले. "कांडी नगं, वळं नगं, मला परत कायच नगं. पाणी झालं की सांगा फकस्त."

त्यांनी अंगठी परशरामच्या तळहातावर ठेवली तेव्हा त्यांची बोटं त्याला लागली. बाहेर सकाळीच ऊन तापलेलं आणि या माणसाची बोटं बर्फाच्या पाण्यातून काढल्यासारखी गार.

२

पांढरं सोनं हल्ली कुणाच्याही बोटात दिसतं. परशरामनं अंगठी कसोटीवर घासूनसुद्धा बघितली नाही, तशीच मुशीत टाकली, टाकणखार घातला आणि भट्टी चढवली. त्याच्या भट्टीला बाराशे अंशांच्या वर जोर नाही, पण सोन्याला तेवढा पुरून उरतो.

तासाभरानं मुशीत डोकावला तर अंगठी लालबुंद, पण गोल ती गोलच. कड म्हणून कुठं मऊ झालेली नाही. आणखी अर्धा तास दिला. शेवटी सांडशीनं उचलून फरशीवर ठेवली. लाली उतरली, आणि यल्लाप्पा पाणी आणायला वळून परत येईतो परशरामनं न राहवून तिला बोट लावलं.

गार होती.

आता भट्टीतून काढलेला जिन्नस दोन मिनिटांत गार होत नसतो, हे त्याला शिकवायला कुणाची गरज नव्हती. पण माणूस मोठा हुशार असतो. लगेच मनाशी म्हणाला, फरशी ओली असेल. फरशी कोरडी होती. मग म्हणाला, आपल्याच बोटांना घट्टे पडलेत, चटका कळत नाही.

"मालक, ही न्हाय पाघळायची," यल्लाप्पा म्हणाला. "देऊन टाका परत."

"भट्टीतनं काढलेली वस्तू परत देऊ? तोंड कुठं दाखवू रं मग?" परशराम खेकसला, आणि अंगठी उजव्या करंगळीत सरकवली.

राग तिथंच विझला. नवल वाटण्याइतका विझला. डोकं हलकं झालं, जसं दुपारच्या झोपेतून उठल्यावर होतं.

साडेअकराला शेजारचे मारुतीराव आले. चार मागांचे मालक, यल्लाप्पाचे बालमित्र. रोज याच वेळी यायचे, दोघं एका चहाचे दोन करून प्यायचे. यल्लाप्पानं चहा ओतला. मारुतीराव म्हणाले, "आज लई कमी घातलास की रं." रोजच म्हणायचे.

यल्लाप्पानं सांडशी उचलली आणि त्यांच्या तोंडावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मागांच्या खडखडाटातूनसुद्धा ऐकू आला. मारुतीराव पडले नाहीत. त्यांनी यल्लाप्पाचं मनगट धरलं आणि तो हात कोपरापर्यंत भट्टीच्या तोंडात घातला. कुणी ओरडत नव्हतं. दोघं धापा टाकत, दात आवळून, एखादं जड पोतं हलवावं तसं एकमेकांना ढकलत होते. कातडं जळाल्याचा वास खोलीभर झाला.

परशराम पाटावर बसून होता. ज्योत जरा पिवळी पडलीय, असा विचार त्याच्या मनात आला. त्यानं हात लांब करून हवेचा दट्ट्या नीट केला.

बोळातली माणसं धावून आली आणि आपसातच गुद्दागुद्दी करत त्यांनी परशरामला बाहेर ढकललं. गल्लीच्या टोकाला पोचला तेव्हा आतून पहिली किंकाळी आली. यल्लाप्पाची होती. त्याच्या मागून मारुतीराव रडत ओरडले, "अरं देवा, काय केलं मी! यल्ल्या, काय केलं रं!"

आणि मग परशरामला उमगलं. मी बसून होतो. मी का उठलो नाही?

३

पोलीस येऊन गेले. दवाखान्यात दोघंही एकच सांगत होते, काय झालं कळलं नाही. लोक म्हणाले ऊन लागलं. भट्टीचा धूर डोक्यात गेला. परशराम म्हणाला, मला धक्का बसला असणार, अंगातलं बळच गेलं असणार. तीन दिवस हेच तो स्वतःला बजावत राहिला. एकटाच माळावर हिंडत होता, घरी नुसता झोपायला यायचा, तोवर दोघी आत झोपलेल्या असायच्या. अंगठी करंगळीत तशीच होती. तिचा त्याला विसर पडला होता.

घर अनगोळात. घरात आई रुक्माबाई आणि बायको प्रणिता, हायस्कुलात विज्ञान शिकवणारी. मूलबाळ नाही. दोनदा पोट राहून गेलं, तेव्हा रुक्माबाईनं सुनेला लेकरासारखं मांडीवर घेतलं होतं. चौदा वर्षांत या दोघींचा आवाज एकमेकींवर चढला नव्हता. परशरामला कुणी विचारलं असतं, तुझ्याजवळ काय आहे, तर भट्टीचं नाव त्यानं घेतलं नसतं. या दोघी आहेत म्हणाला असता.

रविवारी सकाळी न्हाण्याआधी सासू सुनेच्या डोक्याला तेल लावायची. त्या रविवारीही सोप्यावर पाट मांडला, वाटीत तेल कोमट केलं. परशराम आज घरी होता. पलंगावर पेपर घेऊन बसला.

"केस लई गळायल्यात गं," रुक्माबाई म्हणाली.

"परीक्षेचे पेपर तपासून, आत्या. दुसरं काय."

तेलाचा चपचप आवाज येत होता. मग तो थांबला. परशरामनं पेपरावरून बघितलं. रुक्माबाईनं सुनेची वेणी मनगटाला गुंडाळली होती. एक वेढा, दुसरा, तिसरा. मग तिनं पाय सुनेच्या पाठीला लावला आणि ओढलं.

प्रणिताची मान मागं आली. कपाळाच्या कडेचं कातडं उकललं नि रक्ताची एक रेघ कानाकडं गेली. तिनं पाटाशेजारची फणी उचलली, शिंगाची, टोकदार दातांची, आणि सासूच्या तळहातात खुपसली. काढली, परत खुपसली. म्हातारीनं हात सोडला नाही. तेलाची वाटी लवंडली. दोघींचे श्वास तेवढे ऐकू येत होते.

परशरामनं पेपराचं पान उलटलं.

त्याला बरं वाटत होतं. हे सगळ्यात वाईट. पहाटे उठून माळावर वारा खात बसावं तितकं बरं वाटत होतं. पाचव्या पानावर उसाच्या दराची बातमी होती, ती त्यानं शेवटपर्यंत वाचली. मग तहान लागली म्हणून उठून परसात गेला, आडावर पाणी शेंदलं, पोटभर प्याला.

आड घरापासून लांब. तिथं, ओंजळ तोंडाशी असताना, त्याला आपण आत काय बघितलं ते कळलं. तो किंचाळत घराकडं पळणार, तोच आतून दोघींच्या रडण्याचा एकच आवाज आला.

४

"आत येऊ का?" त्यानं परसातूनच विचारलं.

प्रणिता मागच्या दारात आली. डोक्याला टॉवेल दाबून धरलेला. तिनं त्याच्याकडं बघितलं. भीती तिच्या डोळ्यांत होती, पण ती मास्तरीण होती, भीती वाटली की प्रश्न विचारायची.

"यल्लाप्पांच्या वेळी तुम्ही तिथंच होता."

"व्हय."

"आणि आज इथं. ती अंगठी कुणाची? वितळली नाही असं फोनवर म्हणत होता ती?"

"पांढरं सोनं हाय ते."

"पांढरं सोनं वितळतं. ते प्लॅटिनम आहे." ती वर्गात सांगावं तसं सांगत राहिली. बहुतेक त्या सांगण्याच्याच आधारानं उभी होती. "सतराशे अंशांच्या वर लागतात त्याला. स्पेनची माणसं नदीची वाळू धुऊन सोनं काढायची, त्यात हे यायचं. वितळेना, कशातच विरेना. धाकटी चांदी म्हणून हिणवायची त्याला. परत नदीत टाकून द्यायची."

"मग आता कशाला लागतंय?"

"दागिन्यांना. काळजाला बसवायच्या यंत्राच्या तारांना. गाडीच्या सायलेन्सरमध्येपण असतं. धूर त्याच्यावरनं गेला की धुरातले वायू एकमेकांना भिडतात. एरवी नुसते शेजारून गेले असते. प्लॅटिनम काही करत नाही. झिजत नाही, गंजत नाही, बदलत नाही. नुसतं तिथं असतं. उत्प्रेरक म्हणतो आम्ही."

आतून रुक्माबाईचा कण्हण्याचा आवाज आला. प्रणिता दोन पावलं मागं सरली.

"काढा ती," ती म्हणाली. "तिचं काय करायचं ते करा, आणि मगच घरी या. आत्या आणि मी आहोत इथं. मी बघते त्यांच्याकडं. पण तुम्ही मगच या."

अंगठी करंगळीतून अलगद निघाली. इतके दिवस बोटात राहून ती अजून गारच होती.

५

तीन दिवस परशराम दुकानाचं दार आतून लावून बसला. बोळातले माग बंद होते. मारुतीरावांच्या घरचे दवाखान्यात आणि बाकीच्यांनी हा बोळच टाकला होता.

अंगठी त्यानं कातरीनं तोडून बारीक तुकडे केले. तेजाबात टाकले, काही झालं नाही. मग शोऱ्याचं आणि मिठाचं अशी दोन्ही तेजाबं एकात एक ओतून सोनंसुद्धा विरघळवणारं अम्लराज केलं, वाडगं मंद आचेवर ठेवलं. पिवळा धूर डोळ्यांत जाऊन पाणी वाहायला लागलं, घसा सोलवटला. पहिल्या दिवशी तुकड्यांच्या कडा तेवढ्या मळकट झाल्या. दुसऱ्या दिवशी पाणी केशरी व्हायला लागलं. परशराम खोकत होता, तेजाब बदलत होता, आणि मोठ्यानं बोलत होता. "व्हतीस का न्हाय पाणी? बघू तुझा ताठा." बोलायला कुणी नसलं की माणूस धातूशीही बोलतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाडग्याच्या तळाला कणसुद्धा उरला नाही. लालसर केशरी पाणी. त्यानं ते काचेच्या बाटलीत ओतलं, बूच मारलं, कपाटात कुलूपबंद केलं आणि तिथंच भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला.

घरी जावंसं फार वाटत होतं. फोन केला. प्रणिता म्हणाली, "आत्यांच्या हाताची सूज उतरली. माझ्या डोक्याला हळद लावून बसल्यात. झालं का?"

"झालं. पाणी झालं."

"मग या की!"

"उद्या सकाळी निपाणीला जाऊन येतो. चंद्रप्पांना सांगतो, त्यांच्याकडंबी थांबलं का ते बघतो. एकदा खात्री करून मगच."

फोन ठेवताना त्याच्या ध्यानात आलं, फोन धरलेल्या उजव्या हाताला काही कळत नव्हतं. तेजाबाची वाफ लागली असणार, तो मनाशी म्हणाला.

६

निपाणीची गाडी निम्मी रिकामी होती. परशराम खिडकीशी बसला. त्याच्या पुढच्या बाकावर एक जोडपं, नवीन लग्न झालेलं असावं, बाईच्या हातातला हिरवा चुडा अजून कोरा. दोघं एका पुडीतले शेंगदाणे खात होते. तो सोलून तिच्या हातावर ठेवायचा, ती हसायची.

संकेश्वर जवळ आलं. उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. किती टन असेल एका ट्रॉलीत, असा विचार परशराम करत होता. डोकं कसं स्वच्छ होतं, हलकं होतं.

बाईनं नवऱ्याच्या कानाला तोंड लावलं, काही सांगावं तसं. मग मान झटकली. कानाची पाळी तिच्या दातांत होती. त्यानं तिचं डोकं धरून खिडकीच्या गजावर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. बांगड्या फुटून परशरामच्या पायाशी आल्या. कंडक्टर धावत आला, मागचे दोघं नवऱ्याला अडवायला उठले आणि तेही आपसातच जुंपले. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

परशराम शांतपणे उतरला. मागं माणसांचा ढीग घुसळत होता. तो रस्ता ओलांडून चहाच्या टपरीपलीकडं, बराच लांब गेला, आणि मग एकदम खाली बसला. बसमधला गलका तेवढ्यात थांबला होता. खिडकीतून ते जोडपं दिसत होतं. रक्तानं माखलेली दोन्ही डोकी एकमेकांना टेकलेली आणि खांदे हलत होते.

"अंगठी न्हाय की," परशराम म्हणाला. करंगळी धरून, पिळून बघत म्हणाला. "अंगठी कुठं हाय आता?"

ऊन डोक्यावर आलं होतं. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत गार होता.

७

पुढचे कोस त्यानं एका रिकाम्या ट्रॉलीत मागं बसून काढले. ड्रायव्हर पुढं, एकटा. निपाणीत रस्त्याच्या मधून चालत, माणसं टाळत तो चंद्रप्पांच्या गल्लीत पोचला. गल्लीतली सगळी दारं बंद. चंद्रप्पांचं तेवढं उघडं.

ते सोप्यावर खुर्चीत बसले होते. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. वाफाळत्या चहाचा स्टीलचा पेला मुठीत धरलेला.

"या. झालं पाणी?"

"झालं. काल दुपारी."

आतून आवाज येत होता. धप. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा धप.

चंद्रप्पांनी मान तिरकी करून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. "काल दुपारी, म्हणता," ते म्हणाले.

"आत कोण हाय, आण्णा?"

"सुना. थोरली नि धाकटी."

"त्या काय करायल्यात?"

"मी भाईर जातो तवा थांबतात. पाणी पितात, एकमेकींला भाकरी भरवतात. पण म्हातारं माणूस जाणार कुठं? जाईल तिथं माणसं हायतच." त्यांनी चहाचा घोट घेतला. "राख सावडताना नदीत पडू ने म्हणून मीच घातली हुती ओ ती करंगळीत. दोन तास बी नव्हती. तरी बोटं अजून गारच हायती."

परशरामनं आत डोकवायला नको होतं. पण दार अर्धं उघडं होतं. माजघरात उजेड कमी होता. जमिनीवर एक पदर ताणून पसरलेला दिसला, त्याच्या टोकाला एक मूठ, आणि मुठीत केस. भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर एक काळा डाग, हाताएवढा, ओला. एक डोकं सावकाश मागं आलं आणि त्या डागावर गेलं. धप. मारणारी इतकी दमली होती, की तिनं दुसरीच्याच खांद्यावर डोकं टेकलं होतं. आणि जिचं डोकं आपटत होतं, ती तिच्या पोटात काहीतरी हळूहळू खुपसत होती.

"बसा की," चंद्रप्पा म्हणाले. "चहा घ्या."

बसावं असं परशरामला वाटलं. मनापासून वाटलं. एवढ्या उन्हातून आलो, घटकाभर टेकावं. तो खुर्चीकडं वळलासुद्धा. मग कसा तो धावत सुटला, त्याचं त्यालाच माहीत नाही.

८

अनगोळच्या मागं भाताची शिवारं आहेत. कापणी होऊन गेलेली, ढेकळं आणि धसकटं, जवळपास माणूस नाही, लांब रस्त्याकडेला गाडीलोहारांची पालं तेवढी. माणसं टाळत, रिकाम्या ट्रॉलीत एकटा बसून तो दुसऱ्या दिवशी तिथं पोचला आणि मधोमध उभं राहून त्यानं फोन केला.

"प्रणिता, मी घरी येत न्हाय. कधीच येत न्हाय. दोघी सुखानं ऱ्हावा."

"कुठं आहात तुम्ही?"

"इचारू नगंस."

"मागं गाडीलोहाराचा घण ऐकू येतोय. शिवारात आहात ना? थांबा तिथंच."

"येऊ नगंस! आईला तर आणूच नगंस!" पण फोन बंद झाला होता.

अर्ध्या तासानं बांधावर रिक्षा थांबली. दोघी उतरल्या. म्हातारीला ढेकळातून चालवेना, म्हणून प्रणितानं तिचा हात हातात घेतला होता. दोघींच्या अंगावर पांढऱ्या पट्ट्या. त्याला बघून रुक्माबाईचा चेहरा फुलला.

"परशा! जेवलास का न्हाय रं कालपासनं?"

"मागं फिरा!" तो ओरडला. "आई, पाया पडतो, मागं फिर!" तो मागं सरकत होता, त्या पुढं येत होत्या. पळावं तर मागं दुसऱ्या बांधावर मघाशी नसलेल्या, धसकटं वेचायला आलेल्या बायका बसलेल्या, दहा-बाराजणी, भाकरी सोडून.

"अहो, काय झालंय ते सांगा तरी," प्रणिता म्हणाली. "अंगठी गेली ना? मग झालं तर."

तीस पावलं. पंचवीस. वीस.

आणि त्याला बरं वाटायला लागलं. वारा छान होता. कपाळावरची शीर उतरली. त्यानं बघितलं, आईची बोटं सुनेच्या मनगटात रुतायला लागली होती. नखाखाली रक्त आलं. दोघी अजून त्याच्याकडं बघून हसतच होत्या. प्रणिताचा दुसरा हात हळूहळू सासूच्या गळ्याकडं निघाला होता. बघत राहावं, असं त्याला वाटलं. यात आपलं काय जातंय?

ते वाटणं पुरतं अंगावर यायच्या आत त्यानं ढेकळातला दगड उचलला आणि आईच्या कपाळावर मारला.

रुक्माबाई मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांवरून रक्त आलं. प्रणितानं किंकाळी फोडली, म्हातारीला काखेत धरून फरफटत मागं ओढलं. पाच पावलं, दहा पावलं. तिथं तिनं पदर फाडून सासूच्या कपाळाला दाबला, आणि रुक्माबाईनं सुनेच्या गालाला हात लावून विचारलं, "तुला न्हाय ना लागलं?"

"जा!" परशराम रडत ओरडला. "तोंड दाखवू नगा मला! चालत्या व्हा!"

"परशा, मी आई हाय रं," रुक्माबाई म्हणाली. सुनेचा आधार घेऊन ती उठली. "तुझ्या डोक्यावर काय परिणाम झालाय, बाळा. तुला असं टाकून कशी जाऊ?" आणि तिनं त्याच्याकडं एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

वारा पुन्हा छान वाटायला लागला. परशराम घाईघाईनं खाली वाकला आणि यावेळी त्यानं मोठा दगड शोधला.